दास म्हणजे गुलामच
रविवारी चर्चमध्ये उपदेशाला बायबलमधलं, प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र होतं. 25 वचनांचं चिमुकलं पत्र. घरी येताना भाचा म्हणाला, मामा, म्हणजे पौलाने मालकाकडून निसटलेल्या गुलामाला, अनेसिमला, परत त्याच मालकाकडे, फिलेमोनाकडे धाडलं?

मी आपलं नेहमीचं उत्तर दिलं, अरे तेव्हा ख्रिस्ती मूठभर, राज्य रोमचं, इ.स.पू. 71 मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर 6000 गुलामांना रस्त्याच्या कडेने क्रुसावर टांगलेलं त्यांनी, त्यात ह्या ख्रिस्ती लोकांना वाटायचं प्रभू आज येतो की उद्या, मग समाज बदलायला कोण बसतंय. सगळं खरंय. पण बोलून झाल्यावर माझं मलाच पटेना.

कारण भीतीचं कारण सुरुवातीपुरतं ठीक. पुढे रोमचा सम्राटच ख्रिस्ती झाला, मग कोणाची भीती? उलट चौथ्या शतकात गंग्रा गावी भरलेल्या बिशपांच्या धर्मपरिषदेने ठरवलं की भक्तीच्या नावाखाली गुलामाला मालकाला जुमानू नको असं शिकवेल त्याला शाप! ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन म्हणाला गुलामगिरी पापाचं फळ आहे. म्हणजे वाईट, पण सोसा.

आणि "त्या काळी असा विचार सुचणंच शक्य नव्हतं" हे तर सांगूच नका. न्यासाचा बिशप ग्रेगरी, साधारण 380 साल, बायबलच्या उपदेशक पुस्तकावर बोलताना सरळ मालकांनाच विचारतो की देवाच्या प्रतिरूपाची, म्हणजे माणसाची, किंमत किती लावलीत? सुचलं की त्याला! बाकीच्यांच्या घरात राबायला माणसं होती, हे खरं कारण असावं असं माझं मत. शिव्या द्यायच्या तर द्या.

आपल्याला हे टोचत नाही त्याला आपलं मराठी बायबलही थोडं जबाबदार आहे. त्यात शब्द आहे "दास". आपल्या कानाला दास म्हणजे रामदास, तुलसीदास, एकदम भक्तिभाव. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बाजारात विकत मिळणारा माणूस. तिथे गुलाम वाचून बघा, घशाखाली उतरत नाही.

पौलाचं श्रेय पौलाला. अनेसिमला दास म्हणून नाही, प्रिय बंधू म्हणून घे, त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, असं तो लिहितो. भावाला कोणी विकतं का? सुरुंग पेरलाय खरा, पण "सोड त्याला" हे दोन शब्द काही लिहिले नाहीत, आणि त्याच फटीत बोट घालून अमेरिकेतले मालक एकोणिसाव्या शतकात हेच पत्र नाचवत होते.

हे सगळं भाच्याला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं. रिप्लाय आला, आणि अनेसिम काय म्हणाला?

परत पत्र उघडलं. त्याचं एक वाक्य नाही त्यात.