मारायचं कमी, ढकलायचं जास्त : ‘इन्टू द ब्रीच’ खेळून झालेलं मत

अजस्र यंत्रमानव, तेवढेच अजस्र किडे आणि दोघांच्या मारामारीत चिरडलं जाणारं शहर. हा मसाला आपण लहानपणापासून इतक्यांदा चाखलाय की आता त्याचं काही वाटत नाही. ‘इन्टू द ब्रीच’ या कॉम्प्युटर गेममध्येही हेच तिन्ही आहेत. पण एरवी मागे पडद्यासारखं टांगलेलं शहर इथे पुढे आलंय आणि रोबो त्याच्या सेवेला उभे आहेत. इमारतीला धक्का लागला की विजेची ग्रिड एकेका खुणेने खाली येते, ती शून्यावर आली की खेळ खलास. तुमचे तिन्ही रोबो धडधाकट उभे असले तरी!

गेम नवा नाही. २७ फेब्रुवारी २०१८ ला आला. बनवणारे सबसेट गेम्स, म्हणजे जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस, ज्यांनी २०१२ मध्ये ‘एफटीएल’ हा गेम केला होता. २०१८च्या गेम अवॉर्ड्समध्ये ‘ब्रीच’ला स्ट्रॅटेजीचं पारितोषिकही मिळालं. २०२२ मध्ये बरीच भर घातलेली आवृत्ती आली, तीही आधी घेतलेल्यांना फुकट. माझ्या हाती तो आत्ता लागला, कारण भाचा माझ्या लॅपटॉपवर टाकून गेला. लॅपटॉप इतका जुना आहे की दुसरं काही त्यावर धड चाललंही नसतं.

पट आठ बाय आठ घरांचा. तुमचे तीन मेक, म्हणजे आत पायलट बसलेले रोबो. समोर ‘वेक’ नावाचे जमिनीतून वर येणारे किडे. आधी किडे आपापल्या जागी जातात आणि कोण कुठे मारणार ते स्वच्छ दाखवतात. कुठला आधी मारणार, कुठला नंतर, तोही क्रम दिसतो. मग तुमची पाळी. मग त्यांचे वार पडतात. बास, एवढंच.

एवढंच, पण यात नशिबाला जवळजवळ जागाच ठेवलेली नाही आणि माझ्या मते गेमचा खरा जोर तिथे आहे. ‘एक्सकॉम’ हा असाच पाळीपाळीने लढायचा गेम खेळलेल्यांना माहितीय, ९५ टक्के नेम दाखवून सैनिक समोर उभ्या असलेल्या परग्रहवासीयाला चुकवतो आणि आपण गेमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. इथे तो उद्धार करायची सोयच नाही. ठोसा मारला की लागणारच. दोन म्हटलं की दोनच. शत्रू काय करणार ते त्याने आधीच सांगितलंय. तरी इमारत गेली तर कुणाच्या नावाने बोटं मोडणार? (एक अपवाद आहे. इमारतीवरचा मार कधीमधी आपोआप परतवला जातो आणि त्याची शक्यता टक्क्यांत लिहिलेली असते. ती नसती तरी चाललं असतं. अर्थात स्वतःची इमारत वाचली तेव्हा मी काही तक्रार केली नाही.)

पहिल्या तुकडीत तीन मेक मिळतात: ठोसा मारणारा, तोफ डागणारा आणि लांबून गोळा टाकणारा. तिघांच्याही माराने समोरचा मरतो कमी, सरकतो जास्त. किडा सरकला तरी त्याच्या वाराची दिशा तीच राहते. हे डोक्यात उतरलं की गेम उलगडतो. परळच्या चाळीत गणपतीत ज्यांनी कॅरम खेळलाय त्यांना ही नजर आपोआप येईल. सोंगटीला स्ट्रायकर कुठून लागतो यापेक्षा ती कुणाला जाऊन धडकते, हे आधी बघायचं.

एक टर्न सांगतो. पायाला जाळं गुंडाळणारा विंचू माझ्या ठोसेवाल्याला चिकटून बसलेला. लांबवर एक काजवा, त्याची थुंकी सरळ रेषेत एका वस्तीवर येणार. त्याच्या शेजारच्याच रांगेत एक गांधीलमाशी, मार खाऊन अर्धमेली, दुसऱ्या इमारतीला डंख मारायच्या तयारीत. शिवाय एका घरातून माती उकरून नवा किडा वर येतोय. मेक तीन, भानगडी चार. भाचा मागून ओरडतोय, “मामा, मार ना त्या माशीला, एकच लाइफ राहिलीय तिची!”

“तिला मारू, मग तो काजवा थुंकेल त्याचं काय?”

मग सुचलं. जाळ्यात अडकलेला मेक हलू शकत नाही, पण हात मोकळे असतात. विंचवाच्या पाठीमागेच पाणी होतं. एक ठोसा, विंचू बुडाला. गोळा टाकणाऱ्याने काजव्याच्या बाजूच्या रिकाम्या घरात गोळा टाकला, त्या धक्क्याने काजवा एक घर सरकला आणि आता त्याच्या थुंकीच्या रेषेत वस्ती नव्हती, गांधीलमाशी होती. क्रमात काजवा पहिला. तिसऱ्या मेकला नेऊन माती उकरणाऱ्या किड्याच्या डोक्यावर उभं केलं. वर यायला वाट नाही म्हणून तो आतच राहिला, मेकला एक खरचटा पडला. टर्न संपवली. काजव्याने माशीला उडवलं. वस्तीची एक वीटही हलली नाही. भाच्याने टाळी दिली. खरं सांगतो, ऑफिसात वर्षभराचं प्रेझेंटेशन पार पडल्यावरही एवढा आनंद होत नाही.

त्या खरचट्याचा हिशेबही बघण्यासारखा आहे. मेक लढाई संपली की आपोआप ठणठणीत होतो. ग्रिडची गेलेली वीज तशी परत येत नाही, कामगिरी फत्ते करून एकेक खूण कमवावी लागते. त्यामुळे इमारतीसमोर रोबोने छाती काढून उभं राहणं हे शौर्य वगैरे नसून साधा व्यवहार ठरतो. मधे पायलट आहे, पंचाईत तिथे होते. मेक पडला तर आतला माणूस कायमचा गेला, त्याने कमावलेला अनुभवही गेला. पुढच्या लढाईत रिकामं यंत्र चालायला लागतं. चार इमारतींत किती माणसं राहतात याचा आकडा स्क्रीनवर दिसत असताना हा सौदा करायचा असतो. आणि आपण तो सर्रास करायला लागतो, हे मला जरा खटकलंही.

आता मुंबईकर म्हणून एक गोष्ट. गेमची पार्श्वभूमी अशी की समुद्र चढलाय, जमीन गिळंकृत झालीय आणि माणसं उरलेल्या बेटांवर राहतायत. एका प्रकारच्या लढाईत तर समुद्र दर टर्नला पटाचा आणखी एक पट्टा खात पुढे येतो. सात बेटं भराव टाकून जोडलेल्या गावात बसून हे खेळताना मी काही ‘विज्ञानकथा’ म्हणून खेळत नव्हतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री जे कुणी रुळांवरून चालत निघाले होते त्यांना पाणी एकेक पाऊल कसं चढतं ते वेगळं सांगायला नको. आणि ग्रिड? १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. म्हणून बहुधा इथले जिंकायचे नियम मला लगेच पटले. सगळे किडे मारायचे नसतात, बहुतेक लढायांत ठरलेल्या टर्न तग धरला की किडे आपणहून निघून जातात.

नावं ठेवायला जागा आहे. बेटं कंपन्यांच्या मालकीची आहेत, कल्पना झकास आहे, पण प्रत्येक कंपनीचा प्रमुख दोन वाक्यं बोलून गायब होतो. पायलटांची बडबड लवकरच तीच तीच वाटते. अक्षरं बारीक, चाळिशीच्या चष्म्यातूनही बारीक. आणि ज्यांना हाताला काम हवं, डोक्याला नको, त्यांनी या वाटेला जाऊच नये. घड्याळ नाही, कुणी घाई करत नाही, त्यामुळे एकेका टर्नवर चहा गार होतो. घरच्यांना वाटतं गेम हँग झालाय.

बेन प्रन्टीचं संगीत मात्र कानाला त्रास न देता तासन्‌तास चालू राहतं. हेडफोन लावून खेळा.

हरलं की सगळं पुसलं जात नाही. एक पायलट निवडायचा, तो आपला अनुभव घेऊन दुसऱ्या काळात निघून जातो आणि तिथे लढाई पुन्हा पहिल्यापासून. मिळवलेल्या नाण्यांतून नव्या तुकड्या उघडतात. भाच्याला आगीची तुकडी हवीय, सगळं जाळायचंय त्याला. माझा डोळा ज्युडोवाल्यांवर आहे, जे किड्याला उचलून स्वतःच्या पाठीमागे फेकतात आणि किड्यांनाच एकमेकांचा काटा काढू देतात. नाणी एकाच तुकडीपुरती जमलीत. लॅपटॉप माझा आहे, तेव्हा ज्युडो.