पंधरा दिवसांच्या कराचा दोन वर्षांचा अनुभव

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी मी व्हॅट, म्हणजे तेव्हाचा विक्रीवरचा कर, इतका घोटला होता की झोपेतही सेट-ऑफ (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) काढत असे. मार्कशीट हातात पडली, तोच 30 जून 2017 च्या मध्यरात्री संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये जीएसटीचं बारसं झालं आणि माझा व्हॅट पाठांतरासकट वारला.

नोकरी शोधायला सांगलीहून पुण्यात आत्याकडे आलो. रेझ्युमे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं वीस रुपयांत करून दिला. म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाच्या फाइलवर माझं नाव चिकटवलं. पंचवीस प्रती निघाल्यावर वाचून पाहिलं, तर माझे छंद पोहणे आणि ट्रेकिंग, आणि मॅरिटल स्टेटस चक्क ‘मॅरीड’. (मला पोहता येत नाही. कृष्णाकाठी वाढलेल्या माणसानं हे चारचौघांत सांगू नये, पण आता झालं.) पुन्हा वीस रुपये कोण घालणार? म्हणून पंचवीसही प्रतींवर ‘मॅरीड’च्या आधी निळ्या पेनानं ‘अन’ लिहिलं. एका ऑफिसात मॅडमनी तो कागद डोळ्यांजवळ धरून हळू आवाजात विचारलं, “हे अलीकडेच झालं का?”

बाकी ठिकाणी एवढीही आपुलकी नव्हती. रिसेप्शनच्या सोफ्यावर दोन-अडीच तास, मग आत दोन मिनिटं. “अनुभव?” “फ्रेशर आहे सर.” “कळवतो.” संध्याकाळी आत्या विचारायची, “काय म्हणाले रे?” मी म्हणायचो, “कळवतो म्हणाले.” ती न बोलता पोळी जास्त वाढायची.

आणि मग ती जाहिरात दिसली. मार्केट यार्डातल्या एका भुसार पेढीला अकाउंटंट हवा होता. ‘जीएसटीचा किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक.’ त्या दिवशी तारीख होती 15 जुलै.

शेठ गादीवर बसून हरभरा चावून बघत होते. मी धीर करून म्हणालो, “शेठ, जीएसटी येऊन पंधराच दिवस झालेत.”

“ठाऊक आहे. पोरानं जुनीच जाहिरात दिली, व्हॅट काढून जीएसटी घातलं. सकाळी एक जण आला, म्हणाला दोन वर्षांचा अनुभव आहे. त्याला चहा पाजून घालवला.”

माझ्या रेझ्युमेच्या जातीचीच ती जाहिरात निघाली. शेठनी ‘अन’कडे पाहिलं, काही विचारलं नाही. आठ हजारांवर ठेवून घेतलं.

पेढीवर तीस वर्षं वह्या लिहिलेले दिवाणजी होते. लाल बांधणीची खतावणी त्यांना तोंडपाठ, पण पंधरा आकडी-अक्षरी जीएसटी नंबरासमोर ते माझ्याइतकेच नवखे. “सुटी तूरडाळ करमुक्त,” ते पुटपुटत, “तीच नोंदलेल्या ब्रँडच्या पिशवीत भरली की पाच टक्के. डाळीला कसं कळायचं?” आम्ही दोघं एकाच कॉम्प्युटरपुढे स्टुलं लावून बसायचो, एकाच बाकावरच्या पोरांसारखे.

पहिल्या थ्री-बी रिटर्नची, म्हणजे महिन्याच्या जीएसटी विवरणपत्राची, मुदत होती 20 ऑगस्ट. आदल्या दिवशी पोर्टलनं मान टाकली. स्क्रीनवर गोल चक्र फिरतंय, फिरतंय, शेठ दारातून डोकावतायत, चहा गार झालेला. दिवाणजींनी चष्मा काढून पुसला आणि तीस वर्षांत कुणाला विचारलं नसेल असं मला विचारलं, “आता काय करायचं हो, साहेब?”

“थांबायचं,” मी म्हणालो. “कळवतील.”

संध्याकाळी कळवलंही. मुदत 25 पर्यंत वाढली होती. दिवाणजी माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्हाला बराच अनुभव दिसतो.”