मधल्या कप्प्यातला हिवाळा

उणे 30 अंशांत तग धरणारी वेल हर्णैजवळच्या आमच्या वाडीत मेलीच, तर थंडी न मिळाल्यामुळे मरेल, हे मला वेळीच समजले असते, तर आमच्या स्वयंपाकघरातील शांतता टिकली असती.

प्रकरणाचे मूळ मिनेसोटात आहे. तेथे राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या परसात ‘ॲक्टिनिडिया अर्ग्युटा’ ही किवीची काटक वेल आहे. बाजारातील लवदार, तपकिरी किवीची ही चुलत बहीण असून तिचे फळ द्राक्षाएवढे, गुळगुळीत आणि सालीसकट तोंडात टाकावे असे असते. एका मोसमात ती पाच-सहा मीटर सहज वाढते. तिला पडवळाचा मांडव पुरत नाही, हे भाच्याला पहिला मांडव वेलीसह जमिनीवर आल्यावर कळले. शिवाय भर हिवाळ्याला न जुमानणारी हीच वेल वसंतात कोवळी पालवी फुटली की शून्याखालच्या एक-दोन अंशांनीही होरपळते. त्यामुळे माझ्या बहिणीने नातवंडांसाठी शिवून पाठवलेल्या गोधड्या मे महिन्यातील काही रात्री वेलीच्या अंगावर असतात. बहिणीला हे अद्याप कोणी सांगितलेले नाही.

आमच्या वाडीत नारळ, पोफळी, जायफळ, दालचिनी एवढे सगळे सुखाने नांदते, मग किवीनेच काय घोडे मारले आहे, असा विचार करून मी हिमाचलातून दोन रोपे मागवली. दोन अशासाठी की या वेलीत नर वेगळा आणि मादी वेगळी. एक नर सहा-आठ माद्यांना पुरतो, पण नराशिवाय फळ धरत नाही. ‘इस्साई’ नावाची एक जपानी जात एकटीच फळते. मी मात्र हौसेने जोडपे मागवले. शेजारच्या काकांना यात काहीच नवल वाटले नाही. “रातांब्याचे तेच आहे. सात-आठ वर्षे पाणी घालावे आणि फुलल्यावर कळावे, की हा नर,” ते म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

खरी अडचण झोपेची होती. या वेलीने हिवाळ्यात पाने गाळून झोपले पाहिजे आणि सात अंशांखालच्या थंडीत काहीशे तास काढले पाहिजेत. एरवी तिचे डोळे धड फुटत नाहीत आणि फूल तर येतच नाही. आमच्याकडे ऐन पौषात पहाटे 18 अंश झाले की माणसे कानाला मफलर गुंडाळून शेकोटीभोवती बसतात. वेल मात्र टक्क जागी होती.

अखेर मी तिची उरलीसुरली पाने स्वतःच्या हाताने खुडली, दोन्ही रोपे कुंड्यांतून काढली, मुळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि फ्रीजचा मधला कप्पा मोकळा केला. चाळीस दिवसांचे 960 तास होतात, असा हिशेब मी सौ.पुढे मांडला. “आणि बांगडे कुठे ठेवायचे?” एवढेच तिने विचारले. बांगड्यांपाठोपाठ मला चिकूही बाहेर काढावे लागले, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू झोपलेल्या डोळ्यांना बाधतो. हे शास्त्रीय कारण मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितले, तरी त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

पुढे वीज जाऊ लागली. ती गेली की मी वहीत वेळ टिपत असे, आल्यावर तेवढे तास वजा करत असे आणि मधल्या काळात फ्रीजचे दार उघडणाऱ्यावर डाफरत असे. ताकासाठी दार उघडलेल्या एका पाहुण्याने सुतळीने बांधलेले ते बोचके पाहिले आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारले, “घरात कोणी देवस्की-करणी केली आहे का?”

चाळीसऐवजी 44 दिवसांनी वेली बाहेर आल्या. पंधरवड्यात एकीला तीन डोळे फुटले आणि मी आनंदाने भाच्याला फोन लावला. या कुळातील वेलींच्या वासाने मांजरे वेडी होतात, जपानात तर मातातबी नावाची वेल त्यासाठीच प्रसिद्ध आहे, हे त्याने तेव्हा सांगितले. म्हणजे आमच्या बोक्याने पुढ्यातला बांगडा सोडून कुंडीत लोळण घेतल्यानंतर. तीनांपैकी एक अंकुर वाचला आहे. तो नराचा की मादीचा, हे सांगता येत नाही, कारण दोन्ही रोपांच्या चिठ्ठ्यांवरील शाई फ्रीजमधील ओलीने पुसून गेली.

पुढच्या हिवाळ्यासाठी मी मधला कप्पा आतापासून मागून ठेवला आहे. सौ.ने नकार दिला नाही, फक्त भाडे सांगितले : त्या चाळीस दिवसांत मासळी साठवली जाणार नाही, मी रोज बंदरावर जाऊन ताजी आणायची आणि साफही मीच करायची.