पाच ग्रॅमची रेषा : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतील अटकेच्या बातम्यांविषयीच्या माझ्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत : मी गर्दुल्ल्यांची कड घेऊन विक्रेत्यांना अभय देतो, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारे एनडीपीएस कायद्याचे (अमली पदार्थविरोधी कायद्याचे) कलम ६४अ मी वगळले, आणि कडक कायद्याने सामान्य माणसाचे काहीच बिघडत नाही. दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ते कलम लेखात यायलाच हवे होते.

मात्र ते कलम नीट वाचले, तर माझे म्हणणे अधिकच पक्के होते. हे संरक्षण सेवनाच्या किंवा कायद्याने ठरवलेल्या 'अल्प प्रमाणा'च्या गुन्ह्यापुरतेच आहे, आणि हेरॉईनसाठी ती मर्यादा ५ ग्रॅमची आहे. रस्त्यावर मिळणाऱ्या गर्दमध्ये, म्हणजे अशुद्ध हेरॉईनमध्ये, भेसळ भरपूर असते. मिश्रणातील शुद्ध द्रव्याचेच वजन धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली म्हटले होते. एप्रिल २०२० मध्ये हीरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत रद्द ठरवून भेसळीसह सगळे वजन धरण्याचा निर्णय दिला. त्यामुळे पुडीत हेरॉईन जेमतेम १ ग्रॅम असले, तरी एकूण वजन ६ ग्रॅम भरल्यास ती बाळगणारा अल्प प्रमाणाच्या बाहेर जातो आणि त्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. भेसळ करतो विक्रेता, तिचे वजन मात्र विकत घेणाऱ्याच्या माथी पडते. म्हणूनच 'इतके आरोपी अटकेत' एवढ्या बातमीवर मी थांबत नाही. पंचनाम्यातले वजन, प्रयोगशाळेचा अहवाल आणि आरोपपत्रातली कलमे पाहिल्याखेरीज त्या आकड्यात विक्रेते किती आणि आजारी माणसे किती, हे कळत नाही. विक्रेत्यापर्यंत पोलीस पोहोचलेच नाहीत, हेही त्याच कागदांतून उघड होते. यात त्याला अभय कसले?

तिसऱ्या आक्षेपाने मला खरोखर वेदना झाल्या. १९८५च्या या कायद्याखाली राज्याराज्यांत परवान्यांचे असे जाळे उभे राहिले की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन हे अफूपासून बनणारे वेदनाशामक ठेवणेच सोडून दिले. २०१४च्या दुरुस्तीने ते अत्यावश्यक औषधांत घालून नियम देशभर एकसारखे केले, पण तोवर जवळजवळ तीन दशके गेली होती. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकत होती, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होत होती, आणि याच देशातले कर्करोगाचे असंख्य रुग्ण मॉर्फिनवाचून कण्हत होते. त्यांनी कोणता गुन्हा केला होता?