आंब्याची गळ आणि दोन किलो खडेमीठ

गेल्या रविवारी कोल्हापूरजवळच्या पाचगावला आत्तीकडं गेले होते. परसातल्या आंब्याच्या आळ्यात पांढरं काहीतरी चमकत होतं. वाटलं, वाळवीसाठी चुना टाकला असेल. वाकून बोटाला लावलं, जिभेवर ठेवलं. मीठ! दोन किलो खडेमीठ आळ्यात गोल पसरून वरनं पाणी सोडलेलं. शेजारी दगडावर तीन किलोची पिशवी तोंड बांधून तयार. नजर वर गेली तर खोडात छातीएवढ्या उंचीवर गंजके खिळे. मोजले. सात.

"आत्ती, हे काय गं?"

"गळ थांबायसाठी. मोबाईलवर आलंय की. पंधरा दिसांनी अजून घालायचं हाय."

"आणि तू घातलंस?"

"चार ठिकाणांहून आलंय. एवढ्या सगळ्यांनी पाठवलेलं खोटं असतंय व्हय?"

असतंय, आत्ती. तो मेसेज मलाही तीन ग्रुपवर आलाय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘निरोगी आंब्याचे एकही फळ गळत नाही. फळ गळते म्हणजे झाड आजारी आहे’ अशी सुरुवात. मग उपाय: बुंध्यात दोन किलो खडेमीठ, खोडात सात गंजके खिळे, मोहोर दिसल्यापासून रोज भरपूर पाणी, ताक-हिंगाची फवारणी, आणि ‘अडचणीच्या दिवसांत’ बायकांनी झाडाच्या सावलीत जायचं नाही. जाता जाता मोबाईल टॉवरवरही एक खापर. खाली ‘एका मोठ्या शेतीशास्त्रज्ञाने सांगितलेले’. शास्त्रज्ञाला नाव नाही, गाव नाही. हात जोडलेले मात्र आहेत.

सगळा घोळ पहिल्याच वाक्यात आहे. मोहोराचा एक तुरा जवळ ओढून बघा. एका तुऱ्याला काहीशे ते काही हजार फुलं असतात. त्यातली बरीचशी नर, त्यांना फळ धरायचंच नसतं. उरली संयुक्त फुलं, म्हणजे ज्यांत नर-मादी दोन्ही भाग असतात ती. त्यांच्यातल्या हजारात एखादंच पिकायपर्यंत पोचतं, कधी तेवढंही नाही. बाकीचं सगळं गळतं आणि ते गळायचंच असतं. झाडाजवळ जेवढं अन्न, जेवढी ओल, तेवढी पोरं ते पोसतं. उरलेल्यांच्या देठाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि फळ सुटतं. फळ धरल्यापासूनच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत ही गळ सगळ्यात जास्त असते. म्हणजे नेमकी आत्ता, मार्चात, जेव्हा हा मेसेज फिरतो.

आत्तीच्या फरशीवरच्या वीसेक बाळकैऱ्या मी वेचल्या, वाटाण्यापासून सुपारीएवढ्या, आणि विळीवर उभ्या चिरल्या. बऱ्याच कैऱ्यांच्या आत बी तपकिरी पडून आक्रसलेलं. बीच मेल्यावर झाड ते फळ कशाला सांभाळील? दोन पोखरलेल्या निघाल्या. उरलेल्या चांगल्या दिसत होत्या, त्यांचा नंबर लागला नाही एवढंच. आणखी एक गोष्ट आहे. आत्तीचं झाड हापूसचं कलम, आणि एकटं. हापूसला स्वतःच्याच परागावर फळ नीट धरत नाही. म्हणून हापूसच्या बागेत मधेमधे दुसऱ्या जातीची झाडं लावायला सांगतात. शेजारच्या परसात जुनं रायवळ होतं, त्यावरनं माश्या-मधमाश्यांची येजा व्हायची. दोन वर्षांखाली ते तोडून तिथं गाड्या लावायला फरशी घातली. आत्तीची गळ कधीपास्नं वाढली? "दोन वर्सं झाली बघ." हे कुठल्या मेसेजात येणार?

आता मीठ. इथं जरा थांबते, कारण बाकीच्या बऱ्याच उपायांनी नुसता वेळ जातो, ह्यानं झाड जाऊ शकतं.

उन्हाळा लागला की गळ वाढायचं एक मोठं कारण म्हणजे मुळांना पाणी कमी पडणं. आणि मीठ काय करतं? लोणच्याच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की थोड्या वेळात फोडी पाण्यात पोहायला लागतात, हे आत्तीला मी शिकवायला नको. मुळांशी तोच प्रकार. मातीत ओल असूनही मुळाला ती ओढता येत नाही. झाड तहानेनं फळं टाकतंय आणि आपण त्याची तहान वाढवून ठेवतोय. पुढं हेच सोडियम आणि क्लोराईड पानांत साठत जातं, जुन्या पानांचे शेंडे आणि कडा करपतात, पानगळ सुरू होते. खारी जमीन न सोसणाऱ्या फळझाडांत आंबा मोडतो. आपल्या काळ्या मातीचं तर विचारूच नका. तिच्यात सोडियम वाढलं की माती गच्च बसते, पाणी वर साचतं, खाली मुरत नाही, आणि वाळली की कुदळ उडते.

आणि हे कोल्हापुरात सांगावं लागतंय, ह्याचं मला जास्त वाईट वाटतं. एकदा शिरोळकडं जाऊन या. उसाला बेसुमार पाणी पाजून वर आलेले क्षार, पांढरी पडलेली रानं, त्यात उगवलेली वेडी झुडपं. अशी क्षारपड जमीन पुन्हा पिकाखाली आणायला तिथले शेतकरी रानाखाली छिद्रांचे पाईप गाडून खारं पाणी बाहेर काढतायत, पदरचा पैसा घालून. शिरोळात जमिनीतलं मीठ काढायला पाईप, आणि पाचगावात दुकानातनं पिशवी आणून घालायचं!

एक कबूल करते, नाइलाजानं. मिठाची ही गोष्ट अगदीच आकाशातून पडलेली नाही. नारळाच्या बुंध्यात मीठ घालायची चाल किनाऱ्याकडं जुनी आहे आणि ती वेडेपणाची नाही. नारळाला क्लोराईड लागतं, खारं सोसतंही. कुणीतरी नारळाचं औषध उचलून आंब्याच्या नावानं खपवलं. म्हशीची मात्रा मांजराला पाजल्यासारखं झालं.

"पण आमच्या जावेनं घातलं आणि आठ दिवसांत गळ थांबली," असं सांगणारी एक तरी बाई प्रत्येक ग्रुपमध्ये असते. थांबली असेल की! मी वर सांगितलं तसं मोठी गळ तीन-चार आठवड्यांचीच असते. अंगण झाडून वैताग येईपर्यंत त्यातले दोन-तीन आठवडे गेलेले असतात. त्या वेळी मीठ घाला, हिंग घाला, नाहीतर झाडासमोर बसून पोथी वाचा, आठ-दहा दिवसांत गळ कमी होणारच. श्रेय शेवटी केलेल्या उपायाला जातं. मीठ न घातलेल्या झाडाची गळही त्याच आठवड्यात कमी झाली, ते कुणी बघायला गेलं होतं का?

खिळ्यांचं लवकर उरकते. ‘लोह मिळते’ म्हणे. झाड लोह घेतं ते पाण्यात विरघळलेल्या रूपात, मुळांवाटे किंवा फवारलं तर पानांवाटे. लाकडात ठोकलेला खिळा तिथंच गंजत बसतो. लोह कमी असेल तर कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आत्तीच्या झाडाची पालवी तांबूस, तजेलदार आहे, लोहाचा प्रश्नच नाही. उलट प्रत्येक खिळा म्हणजे सालीला भोक, आणि भोकातनं बुरशी जाते, खोडकिडा जातो. आंब्याचं अख्खं खोड आतनं पोखरणारं भिरूड ज्यांनी बघितलंय ते अशा जखमा पाडायचं धाडस करणार नाहीत. सालीला वळं पाडून मोहोर आणायची एक रीत आहे खरी, पण ती मोहोर न येणाऱ्या झाडासाठी, जाणत्या हातानं करायची. आलेली फळं टिकवायला नव्हे.

ज्याच्यामुळं लोक ह्या मेसेजवर विश्वास ठेवतात तो मुद्दा पाण्याचा. त्यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धंही उलट्या टोकानं सांगितलंय. मोहोर दिसल्यापासून रोज पाणी सोडलं तर झाड फळाऐवजी पालवीच्या मागं लागतं. पाणी द्यायचं ते फळं वाटाण्याएवढी झाल्यावर. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. दापोलीचं बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं, आणि हापूसवर त्यांच्याएवढं काम दुसरं कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांची शिफारस सरळ आहे: फळं वाटाण्याएवढी झाली की झाडाच्या आकाराप्रमाणं दर झाडाला १५० ते २०० लिटर पाणी, पंधरा-पंधरा दिवसांनी, तीन ते चार वेळा. वर गवताचं आच्छादन. पंधरा लिटरच्या बादलीनं मोजलं तर दहा ते तेरा बादल्या, तेही पंधरवड्यातनं एकदा. रोज पाईप सोडून आळ्याचा डबका करायचा नाही. खोडाला चिकटून ओतायचं नाही, फांद्यांचा घेर जिथवर आहे त्याच्या आतल्या जमिनीत पसरून द्यायचं.

त्याच विद्यापीठाची दुसरी शिफारस आहे पोटॅशियम नायट्रेटची, म्हणजे दुकानात १३:०:४५ म्हणून मिळतं ते. एक टक्का, लिटरला दहा ग्रॅम. फळं वाटाण्याएवढी, गोटीएवढी आणि अंड्याएवढी झाली की एकेकदा फवारायचं. एनएए नावाचं संजीवकही बागायतदार २० पीपीएमच्या, म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅमच्या मात्रेनं मारतात. पण आत्तीचं झाड तीस फूट वर गेलंय आणि तिच्याकडं गुलाबाला पाणी मारायची बाटली आहे. तेव्हा तिला मी एवढंच सांगितलं: पाणी आणि पाचट. आपल्याकडं गवत शोधत बसायला नको, उसाचं पाचट कुठंही मिळतं. लोक जाळतात ते.

बाकी राहिलं ताक-हिंग. मारा. काही होत नाही, ना चांगलं ना वाईट, ताकाची कढी झाली असती तेवढं नुकसान. मात्र मोहोर पूर्ण फुलला असताना कुठलंही कीटकनाशक उगाच मारू नका, फळ धरवणाऱ्या माश्याच मरतात. पानं चिकट झाली आणि वर काजळी धरली तर ते तुडतुडे. मोहोरावर पांढरी पिठी दिसली तर भुरी, तिच्यावर पाण्यात विरघळणारं गंधक चालतं. हे खरे आजार आहेत आणि ह्यांच्यामुळंही गळ होते. मेसेजात ह्यातल्या एकाचंही नाव नाही. टॉवरबद्दल मी काही लिहिणार नाही. आत्ती स्वतःच सांगते की लहानपणी शाळेतनं येताना ती पडलेल्या कैऱ्या परकराच्या ओच्यात भरून आणायची. तेव्हा पाचगावात साधा फोनसुद्धा नव्हता.

आणि तो शेवटचा मुद्दा. आत्तीची नात नववीत आहे, परीक्षा जवळ आलीय. दुपारी घरात उकडतं म्हणून झाडाखाली खुर्ची टाकून अभ्यास करत बसायची. मी गेले तर पोरगी पत्र्याच्या खोलीत घामाघूम. विचारलं तर खाली मान. आत्ती हळूच म्हणाली, "चार दिवसांचा तर प्रश्न हाय." मिठानं झाडाचं नुकसान झालं असेल, ते भरून येईलही. हे बघून मात्र माझं डोकं फिरलं. गगनबावड्याला, राधानगरीला भाताची रोपलावण कोण करतं? गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून, बायकाच ना? त्या महिन्याचे चार दिवस सुट्टी घेतात काय? आणि त्यांनी लावलेलं भात पिकायचं राहतं काय? ऊस भांगलणाऱ्या बायकांना कुणी विचारलंय, बाई आज तुमचा कितवा दिवस म्हणून? फुकट सावलीत बसणाऱ्या पोरीलाच तेवढे नियम. आत्तीला म्हटलं, आत्ती, तू स्वतः ह्याच झाडाखाली किती वर्षं भांडी घासलीस? ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं खुर्ची मात्र तिनंच उचलून परत झाडाखाली ठेवली.

मग मी आणि भावजी खुरपं-घमेलं घेऊन बसलो. आळ्यातली वरची चार बोटं माती खरवडून काढली. न विरघळलेले खडे अजून दिसत होते, त्यामुळं बरंचसं मीठ आलं असावं. ती माती गेटबाहेर रस्त्याच्या कडेला, झाडाझुडपांपासनं लांब. मग भरपूर साधं पाणी सोडून उरलेलं खाली धुवून जाऊ दिलं. आत्तीचं परस उताराचं आहे, पाणी निघून जातं, हे नशीब. सपाट, चिकण मातीत एवढं सोपं गेलं नसतं. खिळे पक्कडीनं चार निघाले. दोन खिळ्यांची डोकी तुटली आणि एक हललाच नाही. ते तीन तसेच ठेवलेत, उकरून जखम मोठी करण्यात अर्थ नाही. भोकांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावली. आता महिनाभर जुन्या पानांच्या कडांवर लक्ष ठेवायचं.

गळ अजून चालूच आहे. परवा आत्तीचा फोन आला, आज ओंजळभर पडल्या म्हणाली. म्हटलं, पडू दे, आठवड्यानं बघू. वळवाचा वारा आला तर अजून पडतील, त्याला माझ्याकडं काय कुणाकडंच औषध नाही.

"आणि त्या उरलेल्या तीन किलो मिठाचं काय करू? दुकानदार परत घेईना."

"ओंजळभर पडल्यात म्हणालीस ना? त्यांना लाव."

"तेवढ्याला तीन किलो?"

"आधी ओंजळ तर निवड."

फोन तसाच चालू ठेवून ती विळी शोधायला गेली.