जैसलमेरच्या किल्ल्यात मी शॉवर घेतला त्याची गोष्ट

नोव्हेंबरात आम्ही दोन जोडपी जैसलमेरला जाऊन आलो. फोटो टाकून झाले, तुमचे बदाम मिळाले, आभारी आहे. आता जरा न आवडणारं लिहिते.

आम्ही किल्ल्यात मुक्काम केला. तो करायला नको होता. बुकिंग मीच केलं होतं, त्यामुळं दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

हा किल्ला आपल्या रायगडासारखा ओस नाही. 1156 साली रावळ जैसलनं लोद्रव्याहून राजधानी हलवली आणि त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. तेव्हापासून आत माणसं राहतात, आजही काही हजार. आत शिरायला तिकीट नाही. चार दरवाजे ओलांडून वर आलं की सरळ गल्ल्याच लागतात. दोरीवर वाळणारे कपडे, वाटेत बसलेली गाय, दप्तर घेऊन पळणारी पोरं. अशा ठिकाणी झरोक्याची खोली मिळतेय म्हटल्यावर कोण सोडेल? खोली मिळाली, झरोकाही होता. आणि बाथरूममध्ये परातीएवढा शॉवर. मुंबईहून जोधपूर, तिथून पुढं जैसलमेर, एवढ्या प्रवासाची धूळ अंगावर. वीसेक मिनिटं तरी मी त्याखाली उभी असेन. मी कोल्हापूरची. आमच्याकडं पंचगंगा न बोलावता घरात येते. पाणी मोजून वापरायची सवय आम्हाला कुठली?

सकाळी चहाला खाली उतरलो, तर आमच्याच खोलीखालची भिंत दिसली. सांडपाण्याचा पाइप बाहेर आलेला, सांध्यातून थेंब गळतोय, आणि त्या सोनेरी दगडावर हातभर रुंद, काळपट हिरवा ओघळ. वाळवंटात शेवाळ! मैत्रिणीचे मिस्टर बांधकामातले. त्यांनी नखानं दगड खरवडला, तर ओल्या भाकरीच्या पिठासारखा चुरा हातात आला. म्हणाले, "वहिनी, हे तुमच्या कालच्या अंघोळीचं." सगळे हसले. मीही हसले, पण चहा काही गोड लागला नाही.

या भागात वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस होतो. गगनबावड्याला जुलैत एखाद्या दिवसात पडतो तेवढा. त्या हिशेबानंच हा किल्ला बांधलाय. भिंतींच्या दगडांत चुना नाही, नुसते एकावर एक चपखल बसवलेले. पडेल तो पाऊस चारी बाजूंनी खाली काढून द्यायला घुट नाली नावाची जुनी व्यवस्था होती. पिण्याचं पाणी गडीसर तलावातून बायका डोक्यावर वर आणायच्या. घागर वाहून आणलेलं पाणी कोण फुकट सांडेल? नळ आले आणि हा हिशेब फिसकटला. नळामागून हॉटेलं आली, हॉटेलांमागून आमच्यासारखे परातीखाली उभे राहणारे. ते पाणी टेकडीच्या पोटातल्या मातीच्या थरात मुरतं, माती फुगते, वरचा बुरूज सरकतो. 99 बुरूज आहेत म्हणून गाइड ऐटीत सांगतो. त्यातले काही ढासळून पुन्हा बांधावे लागले, हे त्याच्या भाषणात येत नाही.

त्याच गल्लीत एक म्हातारी ओट्यावर बसून भांडी घासत होती. कोरड्या रेतीनं. मूठभर रेती पितळी वाटीत घ्यायची, तळव्यानं गरगर फिरवायची, झटकायची, फडक्यानं पुसायची. पाण्याचा थेंब नाही. वाटी अशी लखलखली की माझ्या स्वयंपाकघरातलं एक भांडं तसं दिसत नाही. म्हणून कुणी म्हणतं की किल्ला वाचवायचा तर आतल्या लोकांना हलवा, तेव्हा मला पटत नाही. तिनं आठशे वर्षांत काय बिघडवलं? (तिनं म्हणजे तिच्या घराण्यानं, कळलं तुम्हाला.) हलवायचंच असेल तर आधी आम्हाला हलवा.

जैन मंदिरांबद्दल तर किती लिहू. किल्ल्याच्या आतच सातेक मंदिरं एकमेकांना चिकटून उभी आहेत, बहुतेक पंधराव्या-सोळाव्या शतकातली. पार्श्वनाथ, संभवनाथ, चंद्रप्रभू, शीतलनाथ... एका दारातून शिरून दुसऱ्याच मंदिरातून बाहेर पडतो आपण. बाहेरच्यांना आत सोडतात ते सकाळीच. चामडं चालत नाही, त्यामुळं आमचे हे पट्टा दारात ठेवून एका हातानं पँट धरून दर्शन घेत होते. तो फोटो टाकायला मनाई आहे.

माझी मैत्रीण जयसिंगपूरची, जैन. आमच्याकडं जैन म्हटलं की डोळ्यांपुढं येतो तो ऊस लावणारा पाटील, आणि देव म्हणजे बाहुबलीचा, दिगंबर, डोळे अर्धे मिटलेला. इथले देव श्वेतांबर. मूर्तीला वरून बसवलेले काचेचे टपोरे डोळे. ती गाभाऱ्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "अगं, आमचा देव आत बघतो, हा माझ्याकडं बघतोय." मग पुजाऱ्याला विचारून तिनं आपल्या पद्धतीनं णमोकार म्हटला. तो दोन्हीकडं एकच.

तोरणांवरचं काम बघताना मान दुखते, इतकं ते बारीक आहे. पण माझं मन अडकलं ते संभवनाथाच्या पायाखाली. तिथल्या तळघरात जुना ज्ञानभंडार आहे, पंधराव्या शतकातल्या जिनभद्रसूरींच्या नावाचा. हजार वर्षांच्या आसपासच्या ताडपत्री पोथ्या इथं टिकल्या. 1950 च्या सुमारास मुनी पुण्यविजयजींनी इथं मुक्काम ठोकून त्या नीट लावल्या. नुसते जैन ग्रंथ नाहीत, काव्य आहे, न्यायशास्त्र आहे, परमताचे म्हणजे दुसऱ्या पंथांचे ग्रंथसुद्धा आहेत. 1874 मध्ये ब्यूलर नावाचा जर्मन संस्कृत पंडित इथं आला आणि त्याला बिल्हण कवीचं विक्रमांकदेवचरित हे संस्कृत काव्य सापडलं. पुढच्याच वर्षी त्यानं ते छापलं. आता त्यात आहे कोण? कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य, आणि त्याची राणी चंद्रलेखा. ही चंद्रलेखा कऱ्हाडची, शिलाहारांची लेक! तिचं स्वयंवर त्या काव्यात रंगवलंय. म्हणजे आमच्या कृष्णाकाठच्या पोरीच्या लग्नाची गोष्ट शेकडो वर्षं वाळवंटातल्या एका तळघरात जपली गेली. आमच्याकडच्या दमट हवेत ती पोथी वाळवीनं कधीच संपवली असती. तिथं टिकली, कारण हवा कोरडी आणि माणसं जपणारी. आणि मी त्याच टेकडीत शॉवरचं पाणी मुरवून आले.

दुसऱ्या रात्री आम्ही खालच्या गावात खोली घेतली. वरची पैसे भरलेली खोली तशीच सोडली, यांची कुरकुर ऐकून घेतली. एक सांगते, किल्ला बघायला खालची गच्चीच बरी. वर राहून किल्ला दिसतच नाही, कारण आपण त्याच्या आत असतो! पटवांच्या हवेल्या खालच्या गावातच आहेत, त्या चालत होतात. सम-बिमच्या वाळूच्या टेकड्यांवर गेलो, तंबूत डीजे ऐकला, परत आलो. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

हे सगळं आत्ता का आठवलं? 2025 मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यात पन्हाळाही आहे. जैसलमेर 2013 मध्येच गेला, राजस्थानच्या आणखी पाच किल्ल्यांबरोबर. पन्हाळ्यावरही वस्ती आहे, नगरपालिका आहे. आपल्याला उठवतील या भीतीनं पन्हाळकरांनी आधी विरोध केला, तेव्हा आमच्याच ग्रुपवर लोक त्यांना अडाणी म्हणत होते. मीही एक अंगठा दिला होता त्याला. आता तो काढून घेते. पन्हाळकरांना नावं ठेवण्याआधी, दर शनिवारी वर जाऊन खोल्या मागणारे आणि बाटल्या टाकून येणारे कोण, ते बघू या.

या रविवारी आम्ही चौघं पन्हाळ्याला जाणार आहोत. झुणका-भाकरी खाऊ, सज्जाकोठीतून वारा खाऊ आणि अंधार पडायच्या आत खाली येऊ. अंघोळ घरी.