तौलनिक मेलं म्हणे!

एक मजकूर सध्या फोनवर फिरतोय. माझ्याकडे तो तीन गटांतून आला, त्यातला एक तर सकाळी नागपुरातल्या फुटाळा तलावावर फिरायला जाणाऱ्यांचा. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : तौलनिक साहित्याभ्यास (वेगवेगळ्या भाषांतलं साहित्य शेजारी ठेवून बघणं) हा विषय मेला, 2003 साली त्यातल्याच नामवंत विदुषी गायत्री स्पिवाक यांनीच तसं लिहून ठेवलंय. साहित्याचे सिद्धांत ही पश्चिमेची उसनवारी, भालचंद्र नेमाड्यांच्या देशीवादानं, म्हणजे साहित्य आपल्याच मातीतून उगवावं या भूमिकेनं, ती कधीच उघडी पाडली. मराठीला जगात कुणी विचारत नाही. आणि आता फोनच भाषांतर करून देतो, तर दुसऱ्या भाषा शिकायच्या कशाला? खाली हात जोडलेले तीन इमोजी.

आधी मृत्यूचं बघू. ‘डेथ ऑफ अ डिसिप्लिन’ हे पुस्तकाचं नाव खरं आहे, सालही खरं. पण लिहिणारा मुखपृष्ठाच्या आत गेलेला दिसत नाही. स्पिवाक ज्याला मूठमाती देतात ती युरोपातल्या चार भाषांत घुटमळणारी जुनी पद्धत. तिच्या जागी काय हवं, तेही त्या सांगतात : आशिया-आफ्रिकेतल्या भाषा शिका, आणि नुसती माहिती काढण्यापुरत्या नकोत, साहित्य वाचता येईल इतक्या मुरवून शिका. भाषा कशाला शिकायच्या म्हणणाऱ्यानं नेमकं हेच पुस्तक साक्षीला आणावं! शिवाय या विषयाचं तेरावं घालायची जुनी रीतच आहे. रेने वेलेक यांनी 1958 मध्ये त्याच्यावरच्या ‘संकटा’वर व्याख्यान दिलं, 1993 मध्ये सुझन बॅसनेट यांनी तो एका अर्थानं संपलाच असं लिहिलं. त्यानंतर 2020 मध्ये डेव्हिड डॅमरॉश यांनी या विषयाच्या वाटचालीवर अख्खं पुस्तक काढलं, 2025 मध्ये सोलला त्याची जागतिक परिषद भरली आणि त्याच वर्षी स्पिवाकबाईंना मानव्यविद्यांतला मोठा होलबर्ग पुरस्कार मिळाला. मेलेल्याच्या घरी इतकी वर्दळ नसते.

उसनवारीचा मुद्दा मला जास्त झोंबला, कारण तो विदर्भात बसून पुढे ढकलला जातोय. वैदर्भी रीती, म्हणजे विदर्भाच्या नावानं ओळखली जाणारी लेखनशैली, हे नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. काश्मिरातला संस्कृत काव्यशास्त्रकार वामन, आठव्या शतकाच्या आसपासचा, रीती हा काव्याचा आत्मा म्हणतो आणि वैदर्भी, गौडी, पांचाली अशा तीन रीती सांगून वैदर्भीला वरचं पान वाढतो. म्हणजे एका प्रदेशातलं लेखन दुसऱ्या प्रदेशातल्या लेखनाशेजारी ठेवून बघणं. तौलनिक दुसरं काय असतं? आणि गंमत अशी की हे सगळ्यांना पटलं नव्हतं. वामनाच्याही आधी भामह या काव्यशास्त्रकारानं फटकारलं होतं की हे गौडीय, हे वैदर्भ असा वेगळेपणा करणं ही गतानुगतिकांची, म्हणजे पुढच्यामागे डोळे मिटून चालणाऱ्यांची, बडबड. (एकामागून एक फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी इतका नेमका शब्द तेव्हापासून तयार आहे.) पुढे याच परंपरेतल्या कुंतकानं तर कमाल केली. मामाच्या मुलीशी लग्न करणं हा जसा एखाद्या देशाचा आचार असतो तसं काव्याचं नसतं, असं तो म्हणाला आणि प्रदेशांची नावं टाकून कवीच्या स्वभावावरून सुकुमार (सहज), विचित्र (नटवलेला) आणि मध्यम (दोन्हींचं मिश्रण) असे मार्ग मांडले. लेखन मातीचं की लिहिणाऱ्याचं, हा वाद आपल्याकडे असा शेकडो वर्षं चालला. आज जागतिक साहित्यावर भांडणारे विद्वानही याच ओट्यावर बसलेत.

राहिले नेमाडे. देशीवादाचे पुरस्कर्ते म्हणून त्यांचं नाव घ्या, हरकत नाही. पण ते निवृत्त झाले मुंबई विद्यापीठातल्या तौलनिक साहित्याभ्यासाच्या अध्यासनावरून. त्या अध्यासनाला नाव आहे गुरुदेव टागोरांचं, आणि टागोरांना 1907 मध्ये तौलनिक साहित्यावर बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी त्याला ‘विश्वसाहित्य’ म्हटलं होतं. उसनवारी शोधणाऱ्यानं हा धागाही ओढून बघावा.

एक मात्र कबूल करतो. एम.ए.ला आम्हाला फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदा आला तो ‘टीप लिहा, पाच गुण’ एवढाच. गाइडातला परिच्छेद पाठ, पेपर झाला की साफ. अशा शिक्षणातून बाहेर पडलेल्याला सिद्धांत परका वाटला तर त्याला दोष देता येणार नाही. पण तो दोष देरिदाचाही नव्हे.

मराठीला कुणी विचारत नाही, याला दोन नावं पुरेत. ख्रिश्चन नोवेत्स्की यांनी लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी समोर ठेवून तेराव्या शतकात मराठी लिहिती कशी झाली यावर, आणि अंजली नेर्लेकर यांनी अरुण कोलटकरांच्या मराठी-इंग्रजी अशा द्विभाषिक जगावर ग्रंथ लिहिले. दोन्ही अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या प्रकाशनांनी काढले, दोन्ही 2016 चे.

आता फोनवरचं भाषांतर. मीही वापरतो. पण मुक्तिबोध बंधू घ्या. घरात मराठी. गजानन माधव हिंदीचे मोठे कवी झाले. शरच्चंद्र मराठीत राहिले, 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मराठी समीक्षेसाठी मिळाला. दोघांचीही बरीच वर्षं याच नागपुरात गेली. एकाची कविता दुसऱ्याच्या भाषेत फोन क्षणात आणून देईल. एकाच घरातले दोघं दोन भाषांत का गेले, आणि तिथे त्यांना काय वेगळं सापडलं, हे त्याला विचारून बघा.

किंवा साधं घ्या. आमच्या शेजारच्या हिंदी भाषक काकू एकदा आईला म्हणाल्या, “बेटे की शिक्षा पे बहुत खर्चा हो गया.” फोननं ‘शिक्षण’ असं अगदी बरोबर सांगितलं असतं आणि विषय संपला असता. एकच संस्कृत शब्द एका भाषेत शाळेत बसला आणि दुसरीत छडी घेऊन उभा राहिला, हे तेव्हा ओसरीवर कुणालाच दिसलं नसतं. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि काळजीनं विचारलं, “अगं बाई, केलं तरी काय होतं पोट्ट्यानं?”